पाउच फेकू नका, दळणाची वही सुरू करा

वर्धा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र:

"आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. बायांचा बचतगट आहे. हळद, तिखट, धनेपूड पॅक करून आम्ही हिंगणघाट-वर्ध्याच्या दुकानांत देतो. मागच्या वर्षापासून नागपूरच्या एका मोठ्या स्टोअरलाही माल जातो. घरी आमच्या ह्यांचं किराणा दुकान आहे, तिथं बिलाचं मशीन आणि लाल रेघेचा स्कॅनर आहे. आता त्या स्टोअरचा इंग्रजीत मेल आला की २०२७ पर्यंत टू-डी बारकोडची तयारी ठेवा. आमचा पाउचवाला एजंट म्हणते की रेषांचा बारकोड बंद होऊन रायला, छापलेले पाच हजार पाउच बाद, नवीन छापा अन् मशीनही घ्या. दुसरा एक जण म्हणते, नंबर आम्हीच देतो, एकदम स्वस्तात. पोरीनं मोबाईलवर फुकटात क्यूआर करून दिला, तो मारला की आमचं इन्स्टाग्राम उघडते. तोच छापला तर चालते का? दुकानातला स्कॅनर बदलायचा का? गटाच्या खात्यात पैसे कमी, अन् जो तो आमाले घाबरवून रायला. नेमकं काय करावं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पाच हजार पाउच गोदामात आहेत तसेच राहू द्या. त्यातला एकही बाद झालेला नाही. एजंटाला आजच फोन करून नवी छपाई थांबवा आणि मग हे उत्तर निवांत वाचा. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलंत तर फारच बरं, कारण यातली बरीच कामं हळद निवडणाऱ्या, दळणाला नेणाऱ्या आणि पाउच सील करणाऱ्या बायांच्याच हातून व्हायची आहेत.

तुम्हाला आलेल्या मेलचं मूळ जीएस वन या आंतरराष्ट्रीय संस्थेत आहे. बारकोडखालचे आकडे जगभर एकाच पद्धतीने दिले जावेत, एकाच आकड्यावर दोन कंपन्यांचे माल येऊ नयेत, हे ही संस्था बघते. भारतातलं तिचं काम जीएस वन इंडिया दिल्लीहून चालवते. तुमच्या पाउचवरचा आकडा ८९० ने सुरू होत असेल, तर तो भारताच्या वाट्याच्या आकड्यांतला आहे. या संस्थेने ठेवलेलं उद्दिष्ट असं की २०२७ संपेपर्यंत दुकानांच्या काउंटरवरचे स्कॅनर रेषांच्या बारकोडसोबत चौकोनी कोडही, म्हणजे मेलमधला टू-डी बारकोडही, वाचू शकले पाहिजेत. म्हणजे ही मुदत दुकानाच्या स्कॅनरला आहे, तुमच्या पाउचला नाही. हा भारत सरकारचा कायदा नाही, त्यावर दंडही नाही. रेषांचा बारकोड त्या दिवशी बंद पडणार, असं ती संस्थाही म्हणत नाही. उलट मधल्या काळात एकाच पाकिटावर दोन्ही कोड छापा, असंच तिचं सांगणं आहे. तुमचा एजंट अर्धी खरी गोष्ट पकडून उरलेल्या अर्ध्यावर पाउच विकतो आहे, आणि गटाच्या पैशावर असा डाव टाकणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

मग हा बदल होतोय तरी कशासाठी? रेषांचा बारकोड १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या दुकानात पहिल्यांदा च्युइंगमच्या पाकिटावर वाचला गेला. तेव्हापासून त्याचं काम एकच: 'ही वस्तू कोणती' एवढं सांगायचं. तुमच्या दोनशे ग्रॅम हळदीच्या पाउचवरचे तेरा आकडे मशीनला एवढंच कळवतात की ही अमुक गटाची दोनशे ग्रॅम हळद. ती कधी दळली, कोणत्या लॉटची, कधीपर्यंत वापरायची, हे त्या रेषांत बसत नाही. चौकोनी कोडात बसतं. क्यूआर हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तो १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला. दुसरा डेटामॅट्रिक्स, औषधांच्या खोक्यांवर दिसतो तो बारीक ठिपक्यांचा चौकोन. आपल्याकडे औषधांच्या तीनशे मोठ्या ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने बियाण्यांचा माग ठेवण्यासाठी 'साथी' हे पोर्टल आणलं आणि बियाण्याच्या पिशवीवर क्यूआर दिसू लागला. बोगस बियाण्याने ज्या कापूसवाल्याचा हंगाम बुडाला आहे, त्याला असा कोड कशाला हवा हे समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या मालाला याचा उपयोग असा. समजा एका लॉटच्या तिखटाला ओल लागून बुरशी आली. आज तुम्हाला स्टोअरला सांगावं लागतं, 'आमचं सगळंच तिखट बाजूला काढा.' लॉटचा नंबर कोडात असेल तर तेवढाच लॉट काउंटरवर अडवता येतो. बाकीचा माल विकत राहतो. मुदत संपलेलं पाकीट बिलावर चढूच न देण्याची सोयही याच कोडाने होते. ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स दुकानांनी ताज्या मांसाच्या पाकिटांवर असे कोड याचसाठी आणले.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तिकडे येते. तुमच्याकडे आलेल्या एकाही माणसाने तुम्हाला विचारलं नाही की ताई, तुमच्याकडे दळणाची नोंद आहे का? कोडात लॉट नंबर घालायचा तर आधी लॉट असायला पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक गटांत पाउचवर महिना-वर्षाचा शिक्का मारतात आणि लॉट म्हणून तीच तारीख पुन्हा लिहितात. त्या तारखेमागे कुठली हळकुंडं होती, कुणाच्या शेतातली, कोणत्या चक्कीवर गेली, हे कुणाला विचारलं तर 'त्या महिन्यात बहुतेक अमकीच्या घरची होती' असं उत्तर मिळतं. अशा स्थितीत कोड छापून काहीच हाती लागत नाही. तक्रार आली की तुम्ही तिथेच अडकाल, फक्त या वेळी छापील कोडासह.

म्हणून मशीनच्या आधी एक जाडी वही घ्या. एका दळणाला एक पान. वर लॉटचा नंबर. खाली कच्चा माल कुणाकडून आला, किती किलो, कोणत्या दिवशी. हळद असेल तर उकडून वाळवणं आणि पॉलिश कुठे झालं. तिखट असेल तर मिरची कुठली, देठ काढल्यावर वजन किती उरलं, वाळवण किती दिवस झालं, कारण ओल राहिली तर पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते. दळण कधी झालं, आधी त्याच चक्कीवर काय दळलं होतं, चक्की झाडली का. दळलेली पूड किती आली, पाउच किती भरले, किती फाटले. आणि शेवटी माल कुणाला किती गेला: हिंगणघाट इतके, वर्धा इतके, नागपूर इतके. ज्या बाईने भरलं तिची सही. बस, एवढंच. पण हे पान दळणाच्याच दिवशी लिहिलं गेलं पाहिजे. महिनाअखेरीस आठवून लिहिलेली वही कुणाच्या कामाची नाही.

लॉटच्या नंबराबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जीएस वनच्या पद्धतीत लॉट नंबर जास्तीत जास्त वीस अक्षरांचा असतो आणि तो इंग्रजी अक्षरं व आकड्यांतच लिहावा लागतो, देवनागरी अक्षर त्यात चालत नाही. तिरकी रेघ असली चिन्हंही टाळा, लॉट नंबर क्यूआरमधल्या वेबपत्त्यात गेला की ती गोंधळ घालतात. मालाचं एक इंग्रजी अक्षर, मग वर्ष, महिना आणि त्या महिन्यातलं कितवं दळण, इतका साधा नंबर पुरतो. वहीत, पाउचवर आणि बिलावर तोच लिहा.

तुम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या आहात म्हणून हे आणखी जोर देऊन सांगते. तुमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग आणि कस जाणणारं गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार असतं, आणि नेमकं म्हणूनच बाहेरची हळद तिच्या नावावर विकली जाते. भिवापूरच्या मिरचीचंही तेच दुखणं. पाउचवरचा कोड मारल्यावर 'हा लॉट अमुक गावच्या शेतकऱ्यांच्या हळदीचा, अमुक महिन्यात दळलेला' असं मराठीत उघडलं, तर तुमच्या मालाला जी उंची येईल ती रंगीत छपाईने येणार नाही. पण ते खरं असलं पाहिजे. एखाद्या वर्षी हळद कमी पडली आणि हिंगोली-वसमतकडची घ्यावी लागली, तर तो लॉट वेगळा करा आणि त्यावर वायगावचं नाव लावू नका. हिंगोलीची हळद काही कमी दर्जाची नाही, ती तिच्या नावाने विका. मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही लागते. ती गटाची किंवा तुमच्या शेतकऱ्यांची झाली आहे का, ते आधी बघा.

छपाईचा प्रश्न समजून घेतलात की एजंट तुम्हाला फसवू शकणार नाही. कोड दोन तऱ्हेने छापता येतो. पहिल्या तऱ्हेत कोडात फक्त मालाचा तेरा आकडी नंबर असतो. तो बदलत नाही, म्हणून पाउचच्या छपाईतच एकदा बसवता येतो. दुसऱ्या तऱ्हेत लॉट आणि मुदतही कोडात असते. ती दर दळणाला बदलते, म्हणून हजारांनी आधीच छापून ठेवलेल्या पाउचवर ती येऊच शकत नाही. ती माल भरताना तुमच्या हातानेच छापावी लागते, म्हणजे स्टिकर आणि छोटा लेबल प्रिंटर. एजंट म्हणतो तसे नवे पाउच छापून ही दुसरी सोय मिळणारच नाही. ती हवी असेल तर आहे त्याच पाच हजार पाउचवर मागच्या बाजूला स्टिकर लावा, काम झालं.

लेबल प्रिंटर दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळतो, पण तो आजच घेऊ नका. वही तीन-चार महिने नीट चालू द्या, नागपूरचं स्टोअर नेमकं काय मागतंय ते कळू द्या. घ्याल तेव्हा रिबनने छापणारा घ्या. बिलाच्या पावतीसारखा नुसत्या गरम कागदावर छापणारा घेऊ नका. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याचं दुकान आणि वर तिखटाचं तेल, यात पावतीचा कागद पुसट होत जातो आणि कोड वाचला जात नाही. गटाने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून, म्हणजे पीएमएफएमईतून, कर्ज घेतलेलं असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर यंत्रांच्या यादीत हा प्रिंटर बसतो का ते तालुक्यातल्या 'उमेद'च्या कार्यालयात किंवा कृषी विभागात विचारा. त्या योजनेत एकट्या उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. ती सध्या चालू आहे का आणि गटाला किती मिळतं, हेही तिथेच विचारा.

पोरीचं कौतुक करा, तिने स्वतःहून खटपट केली. पण तिचा क्यूआर पाउचवर छापू नका. काउंटरवरच्या मशीनला त्यातून मालाचा नंबर मिळत नाही, नुसता इन्स्टाग्रामचा पत्ता मिळतो, आणि बिल होत नाही. जीएस वनच्या पद्धतीचा क्यूआर दिसायला तसाच असतो, पण त्यातल्या वेबपत्त्याची रचना ठरलेली असते: आधी पत्ता, मग ०१ हा खुणेचा आकडा आणि मालाचा नंबर, पुढे १० आणि लॉट, शेवटी १७ आणि मुदतीची तारीख, वर्ष-महिना-दिवस अशा सहा आकड्यांत. याला जीएस वन डिजिटल लिंक म्हणतात. काउंटरवरचं मशीन त्यातले आकडे उचलतं, गिऱ्हाइकाचा मोबाईल त्यातूनच वेबपान उघडतो. एकच कोड दोघांना पुरतो. तुमच्या भागात नेट जातं-येतं हे मला माहीत आहे, त्याची काळजी नको. मालाचा नंबर, लॉट, तारीख हे कोडाच्या आतच लिहिलेलं असतं, बिल करायला नेट लागत नाही. नेट लागतं ते फक्त माहितीचं पान उघडायला.

फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या साइटींपासून मात्र फार जपा. त्यातल्या पुष्कळ साइटी कोडात तुमचा पत्ता घालतच नाहीत, स्वतःचा पत्ता घालतात आणि तिथून तुमच्याकडे पाठवतात. मोफत मुदत संपली की कोड बंद, नाहीतर पैसे भरा. तोवर तुमचे पाउच चार जिल्ह्यांत गेलेले असतात. गटाच्या नावाने एक छोटं वेबनाव घ्या, ते गटाच्याच ईमेलवर आणि गटाच्याच खात्यातून घ्या, कुणा भाच्याच्या किंवा डिझायनरच्या नावावर नको. दरवर्षी नूतनीकरणाची तारीख गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. नाव जितकं आखूड, तितके कोडात ठिपके कमी आणि तितका तो लहान जागेत नीट वाचला जातो. पोरीला हे काम द्या, ती हे उत्तम करेल.

स्वस्तात नंबर देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तो देतो ते नंबर दुसऱ्याच कुणा कंपनीच्या नावावर नोंदलेले असतात. गावच्या दुकानात ते चालूनही जातात. मोठं स्टोअर किंवा ऑनलाइन विक्रीची साइट तो नंबर जीएस वनच्या नोंदीत तपासते तेव्हा तिथे तुमच्या गटाचं नाव नसतं, आणि माल अडतो. आधीच्या पाउचवरचा तुमचा नंबर कुणाकडून आला, हेही त्याच दिवशी तपासून घ्या. गटाच्या नावाने आलेला असेल तर नव्या क्यूआरमध्येही तोच नंबर जाईल, नवा घ्यायची गरज नाही. शंभर, दोनशे आणि पाचशे ग्रॅमला मात्र प्रत्येकी वेगळा नंबर हवा. वजन बदललं की नंबर बदलला. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांना बारकोडच्या शुल्काचा काही भाग परत देण्याची तरतूद एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत आहे. वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात उद्यमचा कागद घेऊन जा आणि सध्या ती कशी मिळते ते विचारा. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर म्हणजे बारकोडचा नंबर नव्हे. बारकोडच्या जागी तोच छापलेले पाउच मी पाहिले आहेत.

आता पाउचवरची जागा. दोन कोड छापायचे तर ते शेजारी-शेजारी, सपाट भागावर, सीलच्या पट्टीपासून आणि घडीपासून दूर. कोड काळा आणि मागे पांढरं. तिखटाच्या पाउचवर शोभून दिसतं म्हणून काही डिझायनर लाल रेषांचा बारकोड करतात. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेषा दिसतच नाहीत. पारदर्शक पाउचला कोडामागे पांढरा पट्टा हवाच, नाहीतर आतली हळद हाच मागचा रंग होतो आणि पाउच जसजसं रिकामं होतं तसा तो बदलतो. रेषांच्या बारकोडचं पूर्ण माप सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असतं, ते ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. क्यूआरला चारही बाजूंनी कोरी जागा सोडून दोन सेंटिमीटरचा चौकोन द्या, मधोमध गटाचं बोधचिन्ह टाकू नका. रेषांखालचे आकडे काढू नका, स्कॅन झालं नाही तर काउंटरवरची मुलगी तेच टाइप करते.

क्यूआरशेजारी मराठीत ठळक लिहा: 'मालाची माहिती. पैसे भरण्यासाठी नाही.' गावात क्यूआर म्हणजे पैसे पाठवायचा कोड हे डोक्यात पक्कं बसलं आहे. गिऱ्हाईक पाउचवरचा कोड पैशाच्या अॅपमधून मारेल, काही होणार नाही, आणि माल नकली आहे असा समज करून घेईल. हे दोन शब्द तो गैरसमज वाचवतील. आणि क्यूआर छापला म्हणून पाउचवरचा मजकूर कमी करता येत नाही. निव्वळ वजन, कमाल किंमत आणि एककाची किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन, एफएसएसएआयचा नंबर, हे सगळं डोळ्यांनी वाचता येईल असंच राहिलं पाहिजे.

घरच्या दुकानाचं. लाल रेघेचा लेझर स्कॅनर चौकोनी कोड कधीच वाचणार नाही. तो आडव्या रेषेत बघतो, चौकोनाचा फोटो काढत नाही. पण तुमच्या दुकानात येणाऱ्या बिस्किटं, साबण, चहाच्या पाकिटांवर रेषा अजून बराच काळ असणार आहेत. म्हणून चालू स्कॅनर काढून टाकू नका. तो बिघडेल तेव्हा मात्र पुन्हा लेझरचा घेऊ नका, कॅमेऱ्याने वाचणारा टू-डी स्कॅनर घ्या, तो दोन-तीन हजारांपासून मिळतो आणि रेषाही वाचतो. विकत घेण्याआधी दुकानदारासमोरच तुमचं चकचकीत पाउच त्याखाली धरून बघा.

स्कॅनरपेक्षा जास्त वेळ बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाईल. आज स्कॅनर तेरा आकडे टाइप करतो आणि सॉफ्टवेअर माल ओळखतं. उद्या नवा टू-डी स्कॅनर क्यूआरमधला लांबलचक वेबपत्ता टाइप करेल आणि सॉफ्टवेअर म्हणेल, 'असा माल नाही.' शिवाय चौकोनी कोडात मालाचा नंबर चौदा आकडी लिहितात, म्हणजे तुमच्या तेरा आकड्यांपुढे एक शून्य लागतं. सॉफ्टवेअरला हे दोन्ही एकच आहेत हे कळलं पाहिजे. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: जीएस वनचा क्यूआर स्कॅन केला तर त्यातून नंबर, लॉट, मुदत वेगळी काढता येते का, पुढचं शून्य सांभाळलं जातं का, आणि पाकिटावरचे दोन्ही कोड चुकून वाचले गेले तर बिलावर एकच नग चढतो की दोन. तिसऱ्याचं उत्तर देताना तो अडखळला तर समजा की त्याने अजून हे करून पाहिलेलं नाही. त्याला वेळ द्या, पण अपडेटचे पैसे आधी देऊ नका. तोवर घरच्यांना एक सवय लावता येईल: माल भरताना मुदतीची तारीख सॉफ्टवेअरमध्ये हाताने टाकायची आणि जवळची मुदत पुढे मांडायची. ही सवय पुढेही उपयोगी पडेल.

उरला नागपूरच्या स्टोअरचा मेल. घाबरून 'हो, करतो' असं उत्तर पाठवू नका आणि गप्पही बसू नका. मराठीतच लिहा, त्यांच्याकडे वाचणारी माणसं आहेत. लिहा की आमच्या मालावर आमच्या नावाचा तेरा आकडी बारकोड आहे, तो पुढेही राहील, आणि आम्ही लॉटची नोंद सुरू केली आहे. मग विचारा: तुम्हाला क्यूआर हवा की डेटामॅट्रिक्स? त्यात फक्त मालाचा नंबर पुरेल की लॉट आणि मुदतही हवी? कोणत्या तारखेपासून हवी, आणि आधीच छापलेले पाउच संपेपर्यंत तुम्ही घ्याल का? स्टिकर चालेल का? ही उत्तरं लेखी मागा. शक्यता मोठी आहे की ते पहिल्या वर्षी फक्त नंबरावर समाधान मानतील. लॉटही मागितला तर तेव्हा प्रिंटर घ्या, आणि पहिले पंचवीस-तीस पाउच तयार करून त्यांच्याच काउंटरवर स्कॅन करून घ्या, भरलेले, सील केलेले, जसे फळीवर जातील तसे. कोऱ्या कागदावर छापलेला कोड सगळीकडेच वाचला जातो, त्याच्यावर विसंबू नका. चाचणी पास झाली की ऑर्डरची वाट बघा आणि मगच पुढचे पाउच छापायला द्या. छपाई सिलिंडरवर, म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या कोरलेल्या रुळावर, होत असेल तर एजंटाला सांगा की ज्या रंगांच्या सिलिंडरमध्ये बदल आहे तेवढ्यांचेच पैसे देऊ, पूर्ण सेटचे पैसे आम्ही देणार नाही.